तिकीट एकच काढू का?

पत्र थोडक्यात असं आहे : इंग्लंडच्या मध्य भागात राहणाऱ्या एका वाचक ताईंनी ते पाठवलं आहे. वय ५४, मूळच्या सांगलीकडच्या, १९९८ साली लग्न होऊन तिकडे गेल्या. हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करतात. सुरुवातीच्या काळात रात्रपाळीला असणाऱ्या एका वयस्क इंग्रज सहकाऱ्यानं त्यांना एक कॅसेट दिली, आणि तेव्हापासून रिचर्ड थॉम्पसन या इंग्रज गीतकार-गायकाची गाणी त्यांच्या सोबतीला आहेत. वडील गेले तेव्हा त्या सांगलीला पोहोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. परत आल्यावर 'डिमिंग ऑफ द डे' हे एकच गाणं त्या कित्येक रात्री ऐकत राहिल्या. आता हाच गायक त्यांच्या शेजारच्या गावातल्या जुन्या नाट्यगृहात येतो आहे. सोबत बँड नाही, फक्त अकूस्टिक गिटार. त्यांना जायचं आहे, पण पाय अडखळतो आहे. यजमान म्हणतात, "एका माणसाचं गिटार दोन तास काय ऐकायचं? बरं, काढ दोन तिकिटं, पण मध्यंतरात निघू." त्याच शनिवारी महाराष्ट्र मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आहे आणि फराळाची जबाबदारी दर वर्षी यांच्याकडेच असते. ड्यूटी लागली असं सांगून टाकावं का, असं त्या विचारतात. शिवाय गायकानं पंचाहत्तरी ओलांडली आहे, आवाज उतरला असेल तर मनातलं गाणंही जाईल ही धास्ती आहे. आणि सगळ्या इंग्रज श्रोत्यांत आपण एकट्याच परक्या दिसू, हा संकोचही आहे.

ताई,

जा. आणि तिकीट एकच काढा. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. पण का ते सविस्तर लिहिते, कारण तुम्ही काही गोष्टी फार लवकर मान्य करून टाकल्या आहेत असं पत्र वाचताना वाटत राहिलं. आणि अशी पत्रं माझ्याकडे अधूनमधून येतच असतात. कुणाला गझलेच्या मैफलीला जायचं असतं, कुणाला कवितावाचनाला, कुणाला गिटार घेऊन गाणाऱ्या एखाद्या तरुण मुलाच्या कार्यक्रमाला. गाणारा बदलतो, अडखळण्याची जागा तीच असते.

यजमानांचा प्रश्न आधी घेऊ. एका माणसाचं गिटार दोन तास काय ऐकायचं? ज्यांनी ऑर्गन-तबल्याच्या भरल्या साथीवर नाट्यपदं ऐकली त्यांना हा प्रश्न पडणं अगदी साहजिक आहे, त्यात कुचेष्टा नाही. नवल मला तुमचं वाटलं. तुम्हीही तो प्रश्न खरा मानून चालला आहात. 'बँड नाही म्हणजे कार्यक्रम अर्धाच' असं तुम्ही लिहिलंय. आणि त्याच पानावर पुढे लिहिता की तुम्ही सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं गाणं '१९५२ व्हिन्सेंट ब्लॅक लायटनिंग'.

ते गाणं १९९१ च्या 'रूमर अँड साय' या अल्बममधलं. आज रात्री पुन्हा एकदा लावा आणि त्यात कोण कोण वाजवतंय ते मोजा. ड्रम नाहीत, बेस नाही, कोरस नाही. एक गिटार आणि एक आवाज, एवढंच आहे त्यात. ज्या गोष्टीला तुम्ही अर्धी म्हणता तीच तुम्ही पंचवीस वर्षं पूर्ण समजून ऐकत आला आहात.

बाकीच्या वाचकांसाठी त्या गाण्याविषयी थोडं सांगते. जेम्स नावाचा दरोडे घालणारा एक तरुण, तांबड्या केसांची मॉली, आणि स्टीव्हनेजच्या कारखान्यात मोजक्याच संख्येनं बनलेली एक मोटरसायकल. तो तिला मागे बसवतो, अंगठी देतो, पुढे बंदुकीच्या गोळीनं घायाळ होऊन मरणाला टेकतो आणि जाता जाता गाडीची किल्ली तिच्या हातात देतो. जुन्या इंग्रजी कथागीतांचा हा घाट आहे, फक्त घोड्याच्या जागी मोटरसायकल आली आहे. २०११ साली 'टाइम' नियतकालिकानं १९२३ पासूनच्या शंभर उत्तम गाण्यांची यादी काढली, तीत हे गाणं होतं. आणि ते उभं आहे ते एका माणसाच्या दहा बोटांवर.

ती बोटं काय करतात हे प्रत्यक्ष बघायला मिळणं हे जाण्याचं मोठं कारण आहे. थॉम्पसन अंगठा आणि तर्जनीत प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, धरतात आणि उरलेल्या बोटांनी वरच्या तारा छेडतात. त्यामुळे खालच्या तारांवर खर्जाची चाल अखंड चालू राहते आणि त्याच वेळी वर वेगळी सुरावट खेळते. सगळ्यात जाड तार ते काही गाण्यांत नेहमीपेक्षा बरीच उतरवून घेतात, म्हणून तो खर्ज आणखी भरदार लागतो. रेकॉर्डवर ऐकताना वाटतं की दोघे जण वाजवत असावेत. समोर बसलं की कळतं, दुसरा कुणी नाही. बँडबरोबर यातलं बरंचसं ड्रमच्या आवाजाखाली जातं. एकट्यानं वाजवताना लपायला जागा नसते. तुम्ही लॅबमध्ये वर्षानुवर्षं काचपट्टीवरचा बारकावा बघत आलेल्या बाई आहात, तुम्हाला हे दोन तास कमी पडतील असं मला वाटतं.

आता आवाजाची धास्ती. ही खरी आहे, आणि ती मी उडवून लावणार नाही. थॉम्पसन यांचा जन्म १९४९ चा. १९६७ मध्ये, १८ वर्षांचे असताना ते लंडनच्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडच्या स्थापनेत होते. इतकी वर्षं गायलेला गळा तसाच राहत नाही. पण त्यांचा आवाज मुळात कधी गोडव्यावर चालणारा नव्हताच. जाडसर, थोडा करडा, जमिनीलगतचा. वय झालं की गळ्याच्या वरच्या जागा आधी जातात, आणि त्यांच्या गाण्यांचा भार वरच्या जागांवर फार कमी आहे. शिवाय एकटा गाणारा माणूस पट्टी स्वतः ठरवतो. आज गळा जड आहे असं वाटलं तर अर्धा स्वर खाली उतरून गाता येतं, त्यासाठी चार वादकांना सांगावं लागत नाही.

पण तुमची धास्ती खरं तर दुसऱ्याच गाण्याविषयी आहे, असं मला दिसतं. 'डिमिंग ऑफ द डे' हे थॉम्पसन यांनी लिहिलं, पण १९७५ च्या 'पोअर डाउन लाइक सिल्व्हर' या अल्बमवर ते गायलं त्यांच्या तेव्हाच्या पत्नीनं, लिंडा थॉम्पसन यांनी. दिवस मावळताना कुणाची तरी ओढ दाटून येते, त्याचं ते गाणं. वडील गेल्यानंतरच्या रात्रींमध्ये तुमच्या कानात होता तो लिंडा यांचा आवाज. रंगमंचावर ते गाणं रिचर्ड स्वतः गातात. तुम्ही लिहिलंय, 'पुरुषाच्या आवाजात ते ऐकून माझं गाणं मोडलं तर?'

लिंडा यांच्याविषयी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगते. त्यांना डिस्फोनिया हा आवाजाचा विकार आहे, आणि त्यामुळे त्यांचं गाणं जवळजवळ थांबलं. तरी त्या लिहीत राहिल्या. २०२४ साली 'प्रॉक्सी म्युझिक' नावाचा त्यांचा अल्बम आला, त्यात गाणी त्यांची आणि गाणारे गळे दुसऱ्यांचे आहेत. म्हणजे तुमच्या त्या रात्रींमधला आवाज आता कुठल्याच नाट्यगृहात ऐकायला मिळणार नाही. तो रेकॉर्डवर आहे आणि तिथं तो सुखरूप आहे. शनिवारी काहीही झालं तरी त्याला धक्का लागत नाही. ज्यानं ते शब्द लिहिले, चाल बांधली, तो माणूस मात्र तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर येऊन ते गाण्याची शक्यता आहे.

आणि एक गाणं बाईच्या आवाजातून पुरुषाच्या आवाजात गेलं की मोडतं का? याचं उत्तर तुमच्या घरातच आहे. यजमान दर रामनवमीला गीतरामायण लावतात असं तुम्हीच लिहिलंय. १ एप्रिल १९५५ ला, त्या वर्षीच्या रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला एक गीत. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आणि गाणारे कितीतरी : माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, स्वतः बाबूजी. पुढे बाबूजी ते रंगमंचावर घेऊन गेले तेव्हा पेटी पुढ्यात घेऊन, मोजक्या साथीवर, सगळी पात्रं ते एकटेच गायले. सीताही तेच आणि कौसल्याही तेच. छप्पन्न गीतं त्यांनी आपल्या आवाजात ध्वनिमुद्रितही केली. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत आज जे गीतरामायण वाजतं ते हे, एकाच आवाजातलं. माणिकताईंचा आवाज त्यामुळे पुसला गेला नाही. पण ज्यानं चाल बांधली तो स्वतः गातो तेव्हा कुठली जागा त्याला जपायची आहे, कुठल्या शब्दावर तो थांबतो, हे ऐकू येतं. यजमानांनी पुन्हा विचारलं, एका माणसाचं काय ऐकायचं, तर भांडू नका. बाबूजींची आठवण करून द्या. त्यांना पटेल.

निराशा होणारच नाही असं वचन मी देऊ शकत नाही. एखादी संध्याकाळ फिकी जाते. सर्दी असते, ध्वनियंत्रणा वाईट असते, मागच्या रांगेत कुणी खोकत बसतं. हवं ते गाणं होतच नाही. यावर मला एक जुना प्रसंग आठवतो. १९ जानेवारी १९७१ ला टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये कॅनडाचे गीतकार-गायक नील यंग एकट्यानं गायले, गिटार आणि पियानो घेऊन. त्या रात्री त्यांनी म्हटलेल्या गाण्यांत 'हार्ट ऑफ गोल्ड' आणि 'ओल्ड मॅन' ही होती, आणि ती ज्या अल्बममध्ये आली तो 'हार्वेस्ट' प्रसिद्ध झाला १९७२ मध्ये. म्हणजे समोर बसलेल्या लोकांना ती गाणी ठाऊकच नव्हती. आपल्या आवडीची सोडून हा नवीन काय गातोय, असं त्यातल्या कुणाला तरी वाटलंच असेल. म्हणून फर्माइशींची यादी मनात धरून जाऊ नका. थॉम्पसन यांच्याकडे साठ वर्षांची गाणी आहेत, त्यातली वीस ते गातील. न ओळखीचं गाणं सुरू झालं तर कान बंद करू नका, एवढंच.

आता एकच तिकीट का, ते सांगते. पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे.

यजमान वाईट नाहीत. येतो म्हणाले, हा त्यांचा चांगुलपणा. पण 'मध्यंतरात निघू' असं आधीच ठरवून आलेला माणूस शेजारी बसला की काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. पहिल्या गाण्यापासून तुमचं लक्ष त्यांच्याकडे जाईल. कंटाळले का? घड्याळ बघितलं का? हे गाणं तरी आवडलं असेल का? समोर थॉम्पसन गात असतील आणि तुम्ही नवऱ्याचा चेहरा वाचत बसाल. बाहेर आल्यावर 'कसं वाटलं?' असं तुम्ही विचाराल, आणि त्या उत्तरावर तुमच्या पंचवीस वर्षांच्या आवडीचा निकाल लागेल. एवढा भार त्या बिचाऱ्यांवर टाकू नका, आणि स्वतःवरही नको.

आपल्याकडे एक समजूत फार घट्ट आहे, विशेषतः बायकांच्या बाबतीत, की आवडीची गोष्ट घरच्यांना आवडली तरच ती साजरी करायची. मुलांना आवडली तर सिनेमा, नवऱ्याला आवडली तर सहल. एखादी आवड आपली एकटीची असली तर ती हेडफोन लावून, स्वयंपाक करता करता, कुणाला त्रास न देता. तुमचं थॉम्पसन-प्रेम इतकी वर्षं असंच जगलंय. लॅबमध्ये, बसमध्ये, रात्री सगळे झोपल्यावर. ते कुणापासून लपवावं असं त्यात काहीच नव्हतं, आणि कुणी मान्य करावं याचीही गरज नव्हती. त्यांनी गीतरामायण लावलं की तुम्ही शेजारी बसता, कारण तुम्हालाही ते आवडतं. इथं तसं नाही, आणि तसं असायलाच हवं असं कुठं आहे? दोन माणसं तीस वर्षं सुखानं संसार करतात आणि त्यांचं एक-एक गाणं वेगळं असतं, यात कमीपणा कसला?

त्यांना सामील करायचं असेल तर दुसरी वाट आहे. त्यांनी तुम्हाला नाट्यगृहापाशी सोडावं, गावात कुठंतरी निवांत जेवावं आणि कार्यक्रम सुटल्यावर घ्यायला यावं. तुमचं मन भरलेलं असेल, तेव्हा गाडीत ते ऐकून घेणारा माणूस असला की बरं वाटतं. ज्या वाचकांच्या जोडीदाराला खरंच उत्सुकता आहे, त्यांनी मात्र दोन तिकिटं जरूर काढावीत. मी बोलते आहे ती मन मारून येणाऱ्यांविषयी.

मंडळाचं काय? तारीख पाहिली. लक्ष्मीपूजन त्या दिवशी नाही, मंडळाचा कार्यक्रम सोयीसाठी पुढच्या शनिवारी ठेवलाय. घरचं लक्ष्मीपूजन असतं तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं, तेव्हा मुलं घरी येतात, ती संध्याकाळ वेगळी. पण मंडळाचा फराळ ही जबाबदारी आहे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवता येते. तुम्ही लिहिता, 'मी नसले तर चिवड्याचा अंदाज कुणालाच येत नाही.' येत नसेल, कारण अनेक वर्षं तो कुणाला घ्यावाच लागला नाही. मंडळात नवी जोडपी आली आहेत, तुम्हीच म्हणता. त्यांच्यातल्या दोघा-तिघांना आदल्या आठवड्यात घरी बोलवा. किती माणसांना किती किलो पोहे, चकलीची भाजणी कुणाकडून आणायची, हॉलचं स्वयंपाकघर किती वाजता उघडतं, गरम पाण्याचा बॉयलर कुठला बिघडलेला आहे, हे सगळं एका कागदावर लिहून द्या. चिवडा थोडा कमी पडला तर पडू दे. पुढच्या वर्षी पडणार नाही.

ड्यूटी लागली असं मात्र सांगू नका. याबाबतीत मी फार आग्रही आहे. खोटं पकडलं जाईल म्हणून हे म्हणत नाही, कदाचित पकडलं जाणारही नाही. पण मग ती संध्याकाळ चोरीची होते. नाट्यगृहाच्या दारात कुणी ओळखीचं दिसेल का म्हणून मान खाली घालून आत शिरायचं, दुसऱ्या दिवशी 'काल दमलीस ना गं' या प्रश्नाला हो म्हणायचं, आणि ज्या गाण्यांनी तुम्हाला इतक्या रात्री सांभाळलं त्यांच्याविषयी एक शब्द कुणाशी बोलता येत नाही. सरळ सांगा : 'माझ्या आवडत्या गायकाचा कार्यक्रम आहे, मी त्याला जाणार आहे, फराळाची व्यवस्था मी लावून देते.' कुणी भुवया उंचावतील. पण कदाचित कुणी विचारेलही, कोण गायक? आणि मंडळात आणखी एखादी अशीच हेडफोनवाली निघेल.

परकेपणाविषयी. हो, समोरच्या रांगांत बहुतेक पिकल्या केसांचे इंग्रज असतील, आणि तुमच्यासारखी दिसणारी कदाचित कुणीच नसेल. हा संकोच फुकाचा आहे असं म्हणायला मी धजणार नाही, परदेशात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला तो कुठून येतो ते पक्कं माहीत असतं. पण ज्यांच्यासाठी तुम्ही जाणार तो माणूस कसा आहे ते बघा. १९७० च्या दशकात त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि सूफी मार्गावर चालू लागले. 'पोअर डाउन लाइक सिल्व्हर'च्या मुखपृष्ठावर ते पागोटं बांधलेले दिसतात. १९९९ मध्ये 'प्लेबॉय' मासिकानं त्यांच्याकडे सहस्रकातल्या उत्तम गाण्यांची यादी मागितली. बाकीचे फार तर पन्नास वर्षं मागे जातील हे ओळखून त्यांनी सहस्रक हा शब्द खरा धरला आणि अकराव्या शतकापासून सुरुवात केली. मासिकानं ती यादी छापली नाही. मग त्यांनी त्यावर स्वतःचा कार्यक्रमच बसवला, त्यात ब्रिटनी स्पीअर्सचं गाणंही घेतलं. ज्याचं गाण्याचं गाव एवढं मोठं आहे, त्याच्याकडे सांगलीहून आलेली श्रोती उपरी कशी ठरेल? सहकाऱ्यानं कॅसेट हातात दिली त्या रात्रीच तुम्ही आत आलात.

एक व्यवहाराची गोष्ट मात्र सांगून ठेवते, कारण आपली सवय वेगळी असते. आपल्या मैफलीत जागा आवडली की तिथल्या तिथे 'वा!' जाते, मान डोलते, गायकही तिची वाट बघत असतो. तिकडच्या नाट्यगृहात गाणं चालू असताना पूर्ण शांतता असते आणि दाद गाणं संपल्यावर टाळ्यांनी. सुरुवातीला ते थंड वाटेल, तसं नसतं. दोन गाण्यांच्या मध्ये थॉम्पसन भरपूर बोलतात, हसवतात, आणि लोकही जागेवरून गाण्यांची नावं ओरडतात. तेव्हा तुम्हीही ओरडा. अनावर होऊन हलकं 'वा' निघून गेलंच तर शेजारचा काही म्हणणार नाही.

तुम्ही पत्राच्या शेवटी भीत भीत विचारलंय, 'त्यांना भेटून सांगता येईल का, की त्यांच्या गाण्यानं मला वडिलांच्या जाण्यातून बाहेर काढलं?' भेट होईलच असं धरून जाऊ नका. कधी कार्यक्रमानंतर कलावंत सीडीच्या टेबलापाशी सही द्यायला येतात, कधी थेट निघून जातात. त्यावर संध्याकाळ लटकवू नका. घरून चार-पाच ओळींची चिठ्ठी लिहून न्या. गाण्याचं नाव, ते वर्ष, वडील, रात्रपाळी. साधं इंग्रजी पुरेल. भेटले तर हातात द्या, नाही तर टेबलामागच्या माणसाकडे द्या. हे तुमचं दुःख त्यांच्यासाठी क्षुल्लक ठरेल असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगते : १२ मे १९६९ ला बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून लंडनला परतताना फेअरपोर्टच्या व्हॅनला एम-वन हमरस्त्यावर अपघात झाला. ड्रम वाजवणारा १९ वर्षांचा मार्टिन लँबल आणि थॉम्पसन यांची मैत्रीण जिनी फ्रँकलिन गेले. थॉम्पसन तेव्हा २० वर्षांचे होते. २०२१ मध्ये आलेल्या 'बीजविंग' या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी त्या काळाविषयी लिहिलं आहे. निरोप न घेता गेलेली माणसं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. आणि तो एम-वन म्हणजे तुम्ही ज्या रस्त्यानं कामाला जाता, तोच.

तयारी म्हणाल तर फार नको. फोनवर घेतलेल्या यूट्यूबच्या चित्रफिती बघत बसू नका, त्यात आवाज चेपलेला असतो आणि उगाच मन खट्टू होतं. त्यापेक्षा २०१४ चा 'अकूस्टिक क्लासिक्स' ऐका. जुनी गाणी त्यांनी एकट्यानं, नुसत्या गिटारवर पुन्हा म्हटली आहेत. ब्लॅक लायटनिंग त्यात आहे, आणि शेवटचं गाणं 'डिमिंग ऑफ द डे' आहे, त्यांच्या आवाजात. ते आधी घरी ऐका, रडायचं असेल तर रडा. म्हणजे नाट्यगृहात ते सुरू झालं तर पहिला धक्का ओसरलेला असेल आणि तुम्हाला ऐकता येईल.

वेळेवर पोहोचा, आधी कुणी नवा गायक अर्धा तास गाणार असेल तर त्याचंही ऐका. फोन बंद करून पर्समध्ये ठेवा. पैशांचा मुद्दा तुम्ही एका ओळीत काढलाय, 'स्वतःवर एवढे पाउंड?' त्याला मीही एकाच ओळीत उत्तर देते : तुम्ही कमावत्या आहात, आणि ते पैसे तुमचे आहेत.

खुर्ची निवडताना पहिल्या रांगेचा हट्ट नको. आवाज स्पीकरमधून येतो, तो पुढून सहाव्या-सातव्या रांगेत जास्त नीट जुळलेला असतो. बाल्कनीच्या खालची जागा टाळा, तिथं आवाज दबतो. तिकीट काढताना खुर्च्यांचा नकाशा उघडलात की मध्याच्या थोडं बाजूला, रांगेच्या कडेची खुर्ची बघा, म्हणजे मायक्रोफोनच्या दांडीआड न जाता दोन्ही हात दिसतील. एकट्या माणसाला अशी एखादी सुटी खुर्ची सहज मिळून जाते, जोडीनं जाणाऱ्यांना ती घेता येत नाही. आधी ती घ्या, आणि मग मंडळाच्या सचिवांना फोन करा.